दगडाची धूळ आणि सिलिकोसिस: ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील कामगार व कुटुंबीयांनी काय माहीत करून घ्यावे

ओपीडीत अधूनमधून अशी एक जाडजूड फाइल समोर येते. वय चाळिशीच्या आसपास, दोन-तीन वर्षांपासून खोकला, जिना चढताना धाप, वजन घटलेले. फाइलमध्ये टीबीच्या औषधांचा एक कोर्स पूर्ण झाल्याची नोंद असते, कधी दोन कोर्सची. थुंकीच्या तपासणीत जंतू मात्र एकदाही सापडलेला नसतो. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके दिसतात, त्यामुळे 'टीबीच असणार' असे धरून औषधे सुरू झालेली असतात.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो, "काय काम करता?" उत्तर येते, "मजुरी." कसली मजुरी, असे खोदून विचारले की मग कळते. ग्रॅनाइट कटिंग. किचनचे ओटे बसवणे. लादी पॉलिश. फाउंड्रीत वाळूच्या साच्यांचे काम. सँडब्लास्टिंग. किंवा गावाकडे खदानीत दहा वर्षे आणि आता इकडे साइटवर. आजाराचे निदान त्या दुसऱ्या उत्तरात असते, आणि बहुतेक केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात काहीच लिहिलेले नसते. यात दोष रुग्णाचा नाही. विचारायचे काम आम्हा डॉक्टरांचे आहे.

सिलिकोसिस म्हणजे नेमके काय?

सिलिका हा वाळू, गारगोटी आणि अनेक दगडांमधला घटक आहे. त्याचे स्फटिकरूप, म्हणजे क्वार्ट्झ, बारीक धूळ होऊन श्वासातून फुफ्फुसात गेले की त्रास सुरू होतो. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात आणि घशात अडकते, खोकल्यातून किंवा शेंबडातून बाहेर पडते. खरा धोका त्याहून बारीक कणांचा आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण बहुतेक ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते दिसत नाहीत. मशीन बंद झाल्यावरही कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतात. म्हणून "आता धूळ बसली, डबा खाऊ या" हा हिशेब चुकतो.

वायुकोशांतल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, दुसऱ्या पेशी ते गिळतात. या चक्रात तिथे सूज येते आणि हळूहळू जखमेच्या वणासारख्या कडक गाठी तयार होतात. फुफ्फुसाचा मऊ स्पंज जागोजागी कडक होतो. हे वण पुन्हा मऊ करणारे औषध आज उपलब्ध नाही.

किती वर्षांत होतो, हे धूळ किती आणि कशाची यावर ठरते. कमी-मध्यम धुळीत दहा वर्षांहून जास्त काळ काम केल्यावर दिसणारा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षांत. बंद खोलीत सँडब्लास्टिंग किंवा कोरडे कटिंग अशा कामात काही महिन्यांत ते दोन-तीन वर्षांतही तीव्र स्वरूपाचा आजार होऊ शकतो आणि तो फार वेगाने वाढतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की काम सोडल्यानंतरही, फुफ्फुसात आधीच गेलेल्या धुळीमुळे, आजार वाढत राहू शकतो. 'काम सोडून पाच वर्षे झाली, त्याचा काय संबंध' असे म्हणू नका.

सगळा दगड सारखा नसतो

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात याबद्दल गैरसमज बराच आहे.

ठाण्याच्या पारसिक डोंगरापासून कल्याण-शीळ पट्ट्यापर्यंत जो काळा पाषाण आहे तो बेसाल्ट. त्याच्या रासायनिक तपासणीत 'सिलिका सुमारे ५० टक्के' असा आकडा दिसतो आणि लोक घाबरतात. पण ती सिलिका बहुतांश इतर खनिजांमध्ये बांधलेली असते, मोकळे क्वार्ट्झ त्यात फार थोडे असते. त्यामुळे खडी क्रशरवरच्या काळ्या दगडाच्या धुळीने सिलिकोसिसचा धोका ग्रॅनाइटच्या मानाने कमी. याचा अर्थ ती धूळ निरुपद्रवी आहे असा नाही. दमा, जुनाट ब्राँकायटिस हे त्रास तिथेही होतात, आणि या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे स्फटिक सापडतातच. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार, पाथरवट कुटुंबांतल्या माणसांनी खोकल्याला 'आमच्या धंद्याचा खोकला' म्हणून सोडून देऊ नये.

जास्त काळजी आहे ती बाहेरून येणाऱ्या दगडाची, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातूनच समजून घेता येते. पूर्वी चाळीत, छोट्या फ्लॅटमध्ये ओटा कडप्प्याचा असे. कडप्पा आणि कोटा हे चुनखडीच्या जातीचे दगड, त्यांत सिलिका तुलनेने कमी. संगमरवरातही कमी, साधारण ५ टक्क्यांच्या आत. मग ओटा ग्रॅनाइटचा झाला, आणि ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ २५ ते ४० टक्क्यांच्या घरात असते. आता नव्या टॉवरमध्ये 'क्वार्ट्झचा ओटा' मागितला जातो. हा कृत्रिम दगड क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये बांधून बनवतात, आणि त्यात सिलिका ९० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून जास्त असू शकते. ओटा तोच, कारागीर तोच, हातातला ग्राइंडरही तोच. त्याच्या छातीत जाणारी सिलिका मात्र कितीतरी पटींनी वाढली. बसवून झालेल्या ओट्यापासून घरातल्यांना धोका नाही. धोका तो कापताना, घासताना, सिंकसाठी भोक पाडताना आहे.

या कृत्रिम दगडामुळे तिशी-पस्तिशीतल्या कारागिरांना सिलिकोसिस होऊ लागल्याचे स्पेन, इस्राएल, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत दिसले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली, असे करणारा तो पहिला देश.

इमारतीच्या साइटवरही धूळ आहेच: काँक्रीट फोडणे, भिंतीला वायरिंगसाठी झिरी मारणे, व्हिट्रिफाइड टाइल कोरडी कापणे. घोडबंदर रस्ता असो की डोंबिवलीची नवी संकुले, ही कामे बहुधा बंद फ्लॅटमध्ये, खिडक्या लावून होतात, कारण शेजारी धुळीची तक्रार करतात. सोसायटीची तक्रार मिटते आणि सगळी धूळ आतल्या माणसाच्या वाट्याला येते.

टीबी की सिलिकोसिस? की दोन्ही?

हा प्रश्न रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. एक्स-रेत दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. त्यात भर म्हणजे सिलिकामुळे फुफ्फुसाची संरक्षण करणारी पेशीच निकामी होते, म्हणून सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. नुसत्या सिलिकोसिसला टीबी समजून औषधे दिली जातात, किंवा सिलिकोसिस माहीत आहे म्हणून नव्याने झालेल्या टीबीकडे दुर्लक्ष होते.

म्हणून थुंकीची तपासणी टाळू नका. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, जे जवळ असेल तिथे चौकशी करा. टीबी निघाला तर औषधे पूर्ण घ्या. सिलिकोसिस सोबत असेल तर कोर्स नेहमीपेक्षा लांबवावा लागू शकतो, त्यामुळे 'सहा महिने झाले' म्हणून स्वतःहून बंद करू नका. उपचार सुरू असताना निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात, त्यासाठी बँक खाते नोंदवून घ्या. टीबी नाही असे ठरले, तरी सिलिकोसिसच्या रुग्णांना टीबी टाळण्याची प्रतिबंधक औषधे देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

सिलिकोसिसचे निदान तीन गोष्टी जुळवून होते: धुळीतल्या कामाचा इतिहास, एक्स-रे किंवा एचआरसीटी स्कॅनमधले ठरावीक बदल, आणि तसेच दिसणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, फुफ्फुसाची ताकद किती उरली ते सांगते. सुरुवातीला ती अगदी नॉर्मल येऊ शकते. फुफ्फुसाचा तुकडा काढण्याची गरज सहसा पडत नाही.

आजार आहे असे ठरले तर

पहिला उपाय औषधाचा नाही: त्या धुळीतून बाहेर पडणे. हे सांगणे मला सोपे आहे, घर चालवणाऱ्या माणसाला ऐकणे अवघड, याची कल्पना आहे. निदान सुरुवातीच्या टप्प्यात झाले तर कटिंगऐवजी माप घेणे, फिटिंग, वाहतूक अशा कामात बदल करता येतो का, हे मालकाशी बोलावे. त्यासाठी डॉक्टरांचे लेखी पत्र मागा.

विडी-सिगारेट पूर्ण बंद. सिलिकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले आहे, आणि धूम्रपान त्यात भर घालते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात. श्वासनळ्या आकसत असतील तर इनहेलरने आराम पडतो. ऑक्सिजन कमी राहत असेल तर घरी ऑक्सिजन लागू शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वण जात नाहीत, आणि टीबी लपलेला असेल तर त्या घातक ठरू शकतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. सांधे सुजणे, बोटे थंडीत पांढरी पडणे, पायांवर सूज किंवा लघवीत दोष आढळणे याही तक्रारी डॉक्टरांना सांगा. सिलिकाचा संबंध संधिवात, स्क्लेरोडर्मा आणि मूत्रपिंडाच्या आजारांशीही आहे.

अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन दम लागला, किंवा थुंकीतून रक्त पडले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

गुळाबद्दल नेहमी विचारतात. धुळीत काम करणाऱ्याने रोज गूळ खाल्ला की छाती साफ होते, असा समज सगळीकडे आहे, काही ठिकाणी मालकच गूळ वाटतात. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात आहे. खायला हरकत नाही, पण गूळ दिला म्हणून पाण्याचा पाइप दिला नाही तरी चालेल, असे होत नाही.

कायदा काय म्हणतो

सिलिकोसिस हा 'सूचनीय' आजार आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८९ नुसार कारखान्यातल्या कामगारात तो आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली. तिच्या यादीतही सिलिकोसिस आहे आणि डॉक्टरची जबाबदारीही कायम आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. खरे सांगायचे तर आमच्यापैकी फार थोडे डॉक्टर ही सूचना पाठवतात. तुमच्या डॉक्टरांना तुम्ही याची आठवण करून दिलीत, तर त्यात काही गैर नाही.

कारखान्यात किती धूळ चालते, याचेही सूत्र जुन्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत होते: १० भागिले (धुळीतल्या क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २), उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर हवा. ग्रॅनाइटच्या धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ धरले तर श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीची मर्यादा ०.३१ मिलिग्रॅम येते, ९० टक्क्यांच्या कृत्रिम दगडाला ०.११. दोन्हीकडे प्रत्यक्ष सिलिकेचा हिशेब ०.१ मिलिग्रॅमच्या जवळपास पोहोचतो. अमेरिकेने २०१६ मध्ये ही मर्यादा ०.०५ वर आणली, म्हणजे आपल्या निम्मी. एक माणूस आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादा पाळूनही दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम सिलिका, मिठाच्या काही कणांएवढी, श्वासावाटे आत जाते. एवढ्या थोड्या गोष्टीवर सगळे अवलंबून आहे.

महाराष्ट्र कारखाने नियम १९६३ मध्ये, नियम ११४ खाली, धोकादायक कामांच्या स्वतंत्र तरतुदी होत्या. मुक्त सिलिका असलेल्या दगडाच्या कामाला अशा तरतुदी जे सांगतात ते साधेच आहे: दगड ओला ठेवा, पाण्याचा फवारा लावा, किंवा काम बंदिस्त करून धूळ यंत्राने ओढून घ्या, आणि कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करा. दगडखाणी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात. क्रशरच्या धुळीवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियंत्रण असते, आणि यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे मानक आहे.

अडचण कुठे आहे? ओटे कापणारी बहुतेक दुकाने म्हणजे पत्र्याची शेड आणि चार-पाच माणसे. जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी १० कामगार असतील तरच तो 'कारखाना' होता. नव्या संहितेत हा आकडा २० झाला आहे. धोकादायक म्हणून सरकारने अधिसूचित केलेल्या कामांना एक कामगार असला तरी नियम लावण्याची सोय संहितेत आहे, पण त्यासाठी अधिसूचना हवी. डोंबिवली एमआयडीसी म्हटले की आपल्याला २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट आठवतात, कारण काचा घराघरात फुटल्या होत्या. धुळीने कुणाच्या काचा फुटत नाहीत, त्यामुळे तपासणीची मागणीही होत नाही.

भरपाईसाठी कागद

सिलिकोसिस कायद्याने 'व्यवसायजन्य आजार' आहे, म्हणजे कामावरच्या अपघाताप्रमाणे त्याची भरपाई मिळू शकते. ईएसआय कापला जात असेल तर दावा ईएसआयकडे करायचा. वैद्यकीय मंडळ अपंगत्व ठरवते, आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा लाभ मिळतो. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर करता येतो. ठाण्याच्या कामगार न्यायालयात किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा. साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणून 'आधी बरे वाटू दे' म्हणत थांबू नका. आजवर पाच ठेकेदारांकडे काम केले असेल तर दावा बुडतो, असेही नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात अशा आजारासाठी सगळ्या मालकांवर प्रमाणात जबाबदारी टाकण्याची तरतूद होती.

साइटवर काम करणाऱ्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम, या मुख्य अटी आहेत. दगड फोडणे-कापणे आणि लादी कापणे-पॉलिश करणे ही कामे मंडळाच्या यादीत आहेत.

कामाचा पुरावा किती मोलाचा, हे गोध्रा प्रकरणातून दिसते. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, आलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गोध्र्याच्या क्वार्ट्झ भरडण्याच्या कारखान्यांत गेले, आजारी होऊन गावी परतले आणि तिथे मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने शिफारस केली, आणि ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले. मृत्यू आणि आदेश यांच्यात अनेक वर्षे गेली. आपल्याकडचे कारागीरही राजस्थान, उत्तर प्रदेश, मराठवाडा, कर्नाटकातून येतात आणि दम लागायला लागला की गावी जातात. जाण्यापूर्वी हजेरी कार्ड, गेटपास, पगाराचे बँक किंवा यूपीआय व्यवहार, साइटवरचे फोटो, सोबतच्या दोघा-तिघांचे नंबर एका पिशवीत ठेवा. केसपेपरवर डॉक्टरांकडून 'ग्रॅनाइट कटिंग, अमुक वर्षे' असे लिहून घ्या.

आज कामावर काय करता येईल

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा जाते, घामाने भिजला की माणूस तो काढून टाकतो. म्हणून मास्क हा शेवटचा उपाय समजा. सगळ्यात जास्त फरक पाण्याने पडतो. पाण्याची धार असलेला कटर वापरल्याने धूळ खूपच कमी होते. फ्लॅटमध्ये पाणी नको असेल तर व्हॅक्यूम जोडलेला ग्राइंडर वापरावा, आणि जमेल तितके कटिंग वर्कशॉपमध्येच उरकावे. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. अंगावरची धूळ हवेच्या पाइपने उडवण्याची सवय मोडा, कारण ती सरळ तोंडासमोर उडते. कपडे कामावरच बदला. घरी नेलेच तर झटकू नका, आधी पाण्यात भिजवा. ते धुणाऱ्या बायकोच्या किंवा आईच्या श्वासातही तीच धूळ जाते.

घरात ओटा बसवून घेणाऱ्या कुटुंबांनाही एक सांगणे आहे. कारागीर पाणी वापरू का विचारतो, तेव्हा फरशी खराब होईल म्हणून नको म्हणू नका.

दगडाच्या कामात पाच वर्षे झाली असतील तर त्रास नसतानाही एकदा छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून घ्या, आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी. जुन्या फिल्म फेकू नका. आजार वाढतो आहे की थांबला, हे आम्हाला जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवूनच कळते. शेवटची फिल्म दवाखान्यात राहिली असेल तर मागून आणा, ती तुमची आहे.